ओळखीच्यांची उंची

रेल्वेच्या चौकशी खिडकीवर नोकरी केलेल्या बाईकडे किस्से साठतातच. रिटायर झाले तेव्हा वाटलं, संपलं आता. पण जबलपूरला, कांचघर भागात, आमच्या मराठी मंडळाच्या खोलीत दर बुधवारी मदत केंद्राचं टेबल मांडलं, आणि किस्से पुन्हा आपल्या पायांनी चालत यायला लागले. काही व्हीलचेअरवर आले.

काम सोपं आहे. म्हाताऱ्या आणि अपंग माणसांना कुठे काय मिळतं ते सांगायचं. कानाचं मशीन कोण बसवून देतं, दिवसा सोबत कुठे मिळते. सांगून भागलं नाही तर बरोबर जायचं. आम्ही दोघंच, मी आणि शर्मा भैया. भैया लहानपणापासून व्हीलचेअरवर आहेत आणि शहरातला प्रत्येक चढ-उतार त्यांना पाठ आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात आली. आमच्या लोकांत स्वतःसाठी कोणी मागतच नाही! जो येतो तो म्हणतो, "एक ओळखीचे आहेत, त्यांच्यासाठी विचारून राहिलो." स्वतः लंगडत येतात, बसताना "आई गं" म्हणतात, पण काठी हवी असते ओळखीच्यांना. आता काठी उंचीप्रमाणे द्यावी लागते. म्हणून आम्ही विचारतो, "तुमच्या ओळखीच्यांची उंची केवढी?"

"असेल माझ्याएवढीच."

"मग तुम्हीच जरा उभे राहा."

*

एका आजींकडे घरी येऊन व्यायाम करून घेणारं कोणी मिळेल का, हे विचारायला भैया एका ऑफिसात गेले. अपंगांचा विभाग वरच्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही. भैयांनी खालून फोन लावला. साहेब म्हणाले, "अच्छा, तो ऊपर आ जाइए।"

"आ जाता हूँ। तीन आदमी भेज दीजिए। चौथे आप आ जाइए।"

साहेब एकटेच खाली आले. व्हीलचेअर पाहिली, जिना पाहिला, आणि शेवटच्या पायरीवर बसून त्यांनी सगळं काम करून दिलं. आता त्यांचं टेबलच खाली असतं, चौकीदाराच्या स्टुलाशेजारी.

*

सराफ्यातल्या एका आजींना आम्ही खटपट करून व्हीलचेअर मिळवून दिली. पुढे सहज पाहायला गेलो तर आजी दारात फरशीवर, आणि व्हीलचेअर आत, प्लास्टिकच्या कव्हरात! सून म्हणाली, "नवी आहे ना ताई, खराब होईल. दिवाळीला काढू."

भैयांनी आपली खरचटलेली, पोचे पडलेली व्हीलचेअर आजींसमोर आणली. "अम्माजी, ये देखिए। इसने पूरा जबलपुर घूमा है। आपकी वाली ने क्या देखा?"

आजींनी सुनेकडे पाहिलं. "काढ ते प्लास्टिक. मला चौकातली जिलेबी खायची आहे." त्या दिवशी जिलेबीचे पैसे आजींनीच दिले, आणि मला फार बरं वाटलं.

*

आमचं सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे घमापूरचे वानखेडे काका. फॅक्टरीतले जुने फोरमन, काकू गेल्यापासून एकटे. एकदा नहाणीत पडले. बंगलोरच्या मुलाने निक्षून सांगितलं, "बाबा, आता पुन्हा पडलात तर घर बंद करून तुम्हाला इकडे आणणार." मग त्याने मला फोन केला. म्हणाला, "मावशी, त्यांच्यासाठी काहीतरी बघा."

मी गेले. काका म्हणाले, "काहून मागे लागून राहिली तू? मी धडधाकट आहे." काठी नको, सोबत नको, वृद्धांनी दिवसभर जाऊन बसायच्या केंद्रात तर पाऊल ठेवणार नाही.

परत येताना भैया म्हणाले, "फोरमन को मदद मत दीजिए, दीदी। ड्यूटी दीजिए।"

मग पुढच्या खेपेला मी काकांना म्हटलं, "त्या केंद्राचं काम नीट चालतं की नाही, कोणीतरी जाणत्या माणसाने तपासायला पाहिजे."

काका दुसऱ्याच दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून हजर. डाळ पातळ आहे, पंखा वाजतो, कॅरमला पावडर कमी आहे. तपासणी काही संपेना. रोज जातात, जेवतात, पत्ते खेळतात, आणि कोणी विचारलं तर म्हणतात, "मी इथला नाही. मी इन्स्पेक्शनवर आहे."

*

मागच्या बुधवारी काका आमच्या टेबलाशी आले. कोपराला पट्टी होती. मी पट्टीकडे पाहिलं, त्यांनी हात मागे घेतला.

"त्या केंद्रात नहाणीच्या भिंतीला धरायला दांडा आहे. मी तपासला. पक्का आहे."

"बरं."

"एक ओळखीचे आहेत. एकटे राहतात. त्यांच्या नहाणीत तसा लावायचा होता." मग आवाज खाली आणून म्हणाले, "त्यांच्या मुलाला कळू न देता."

भैयांनी ड्रॉवरमधून टेप काढली. दांडाही उंचीप्रमाणेच लावावा लागतो. मला विचारायची हिंमत होत नव्हती, पण विचारावं तर लागणारच होतं.

"काका, तुमच्या ओळखीच्यांची उंची केवढी?"

काका उठले. चपला काढल्या, भिंतीला पाठ लावली, फॅक्टरीच्या गेटवर उभे राहावं तसे ताठ उभे राहिले.

"मोज," म्हणाले.