आर्वीहून फिरून आलेली खबर

सिंदी मेघेच्या नेटच्या ऑफिसात मी झाडपूस करते. त्या दुपारी आमचे घरचे, म्हणजे माझे यजमान, बसने आर्वीला निघाले होते आणि त्यांचा फोन लागत नव्हता.

"आर्वीला धाडलेला संदेश वाटेतच मेला. तशी खबर आली," कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत ऑफिसातल्या मॅडम म्हणाल्या. "पण आर्वीहून फिरून आली."

"वाटेत मेला, तं खबर आर्वीले काऊन गेली?" मी भीतभीत विचारलं.

"मधली मशीन फक्त संदेशावर चिकटवलेली पुढच्या रस्त्याची चिठ्ठी वाचते. मागचा रस्ता तिला माहीत नसतो. मेल्याची खबरही ती पुढेच ढकलते. शेवटची मशीन ती परत पाठवते."

तेवढ्यात अनोळखी नंबरावरून फोन आला. तो उचलताच मला रडू फुटलं.

"अवं, आर्वीले पोहचलो. माहा फोन बंद पडला. रडून काऊन राह्यली?"

आवाज त्यांचाच होता. तरी आर्वीहून फिरून आलेली ती मेल्याची खबर आठवून मी विचारलं, "तुम्हीच बोलून राह्यले ना?"