वाघोबा तालमीची फायनल आणि आनंदाचं तोंड

रविवारचं मटण जेवून माणसाला झोप यावी, तर आनंदा साळोख्याला येत नाही. येणार कशी? घास तोंडात नुसता फिरला, रश्श्याची वाटी तशीच राहिली आणि त्याची बायको शालन ताट उचलून घेऊन गेली. तो पुढच्या खोलीत खिडकीजवळच्या कॉटवर आडवा पडतो. झोपायला नव्हे हो! आज चारला फायनल आहे, अख्खी गल्ली स्टेडियमला निघाली आहे, आणि त्याला जायचं नाही, म्हणून तो पडलाय. न जाणारा माणूस उभा राहून काय करणार?

कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. इथं संघ कॉलेजचा नसतो, कंपनीचा नसतो, संघ तालमीचा असतो. ज्या गल्लीत जन्माला आलास त्या तालमीचा तू. वाघोबा तालमीची काळी-पिवळी जर्सी आनंदाच्या बापाने घातली, आनंदाने घातली, आणि पोरगा इंद्रजितही घालणार हे पाळण्यातच ठरलं होतं. पण तालमीने पोराला दोन सीझन बाकावर बसवलं. तिसऱ्या वर्षी नोंदणीच्या दिवशी पोरगं सरळ पलीकडच्या लाल-पांढऱ्या दौलत क्लबात जाऊन सही करून आलं. त्या संध्याकाळी आनंदा तालमीत गेला, मारुतीपुढं नारळ फोडला आणि दिनकर वस्तादांच्या देखत बोलून बसला: "लाल-पांढरी जर्सी अंगावर हाय तोवर त्याचं नाव माझ्या तोंडात येणार न्हाई." तालमीत मारुतीपुढं बोललेलं मोडायचं नसतं. तेव्हापासून बापलेक एका घरात राहतात आणि आनंदाला काही हवं असेल तर तो शालनला म्हणतो, "त्याला सांग."

आणि आजची फायनल वाघोबा विरुद्ध दौलत. बघा आता.

वर पंखा घरघरतोय. डोळे मिटले की ती घरघर लांब जाते, पसरते, आणि हळूहळू तिच्यात माणसांचे आवाज मिसळतात. पायांकडे कॉट करकरते.

"सरक की लेका," कुणीतरी म्हणतं. "सगळी कॉट तुझ्या बापाची हाय व्हय?"

हिदायत मुजावर बसलेला आहे. दातात सुई, मांडीवर काळा-पिवळा शर्ट. तालमीच्या जर्सींवरचे आकडे शिवणारा हिदायत टेलर, आनंदाचा लंगोटीयार. छातीत कळ येऊन गेला त्याला दोन पावसाळे झाले. आनंदाला हे पक्कं ठाऊक आहे, तरी तो पाय आखडून घेतो आणि त्याला जागा देतो.

"बरा हायस का?"

"मला काय धाड भरलीय? ते सोड. यंदा आपलं काय?"

बस्स! एवढं कुणी विचारावं आणि आनंदाने गप्प राहावं, असं कधी झालंय का? तो उठून बसतो.

"कीपर जबरा हाय. हवेतला बॉल तर असा धरतो, जसा नारळ झेलावा. बॅकला दोघं भाऊ, रेड्यासारखी टक्कर घेत्यात. पण मधल्या फळीत राम न्हाई, हिदायत. तासभर पळत्यात, मग कमरेवर हात. पुढं तो उंचपुरा परदेशी पोरगा आणलाय, पण त्याला बॉल पोचायला तर पायजे!"

"मग जिंकतंय का न्हाई?"

"जिंकलं तर कीपर जिंकवंल. नाहीतर गेलं."

हिदायत दोरा तोडतो. "आणि दौलत?"

"दौलतचा उजवा हाफ म्हातारा झालाय. बॅक भित्रा. कॉर्नर बरा मारत्यात."

"डाव्या बगलेतनं कोण खेळतंय?"

आनंदा खिडकीकडे बघतो. "हाय एक पोरगं."

"कसं हाय?"

"बरं हाय."

"नाव काय त्याचं?"

आनंदा तोंड उघडतो आणि मिटतो. कॉटची गादी टणक झाली आहे. हात लावून बघतो तर खाली दगड. ती स्टेडियमची पायरी आहे, नेहमीची, ऊन लागून तापलेली, आणि खाली मैदानात मॅच चालू आहे. चारी बाजूंना माणसंच माणसं. सगळी गल्ली आहे. पण कुणी ओरडत नाही. कुणी शेंगा फोडत नाही, कुणी रेफरीच्या आयाबहिणी काढत नाही. सगळे पुढे बघत बसलेत, आणि त्यांच्या माना जराही हलत नाहीत.

"किती झालं?" आनंदा विचारतो.

"शून्य-शून्य."

"वेळ किती उरलाय?"

"वेळ कवाच संपलाय. शिट्टी वाजंना झालीय."

आनंदाला घाम फुटतो. तो म्हणतो, "मी घरी जातो, शालन वाट बघत असंल." तो उठतो, माणसांच्या गुडघ्यांतून वाट काढत पायऱ्या उतरतो. एक जिना, दुसरा जिना. या स्टेडियमात तो लहानपणापासून येतोय, गेट डोळे झाकून सापडेल. पण जिना खाली खाली जातच राहतो, छत बुटकं होतं, आणि शेवटच्या पायरीवरून त्याचा पाय लाल मातीत रुततो.

तालमीचा हौदा, कुस्तीच्या मातीचा. तेलाचा आणि ताकाचा वास. कोनाड्यात मारुती, पुढं फोडलेल्या नारळाची भकलं. एवढी भकलं की हौद्याच्या कडेनं ढीग लागलेत. आनंदा दाराला हात घालतो, तर बाहेरून कडी. थाप मारतो. दार जाड आहे, हाताचा आवाजसुद्धा होत नाही.

"वस्ताद! दार उघडा! मी आत हाय!"

"त्यांनी न्हाई लावलं," मागून हिदायत म्हणतो. तो हौद्याच्या काठावर मांडी घालून शिवत बसलाय. "तूच लावलंस की."

"मी आतनं बाहेरची कडी कशी लावीन रे?"

"ते मला इचारतोस? शपथ तू घेतलीस. मी असतो तर दिली असती व्हय घेऊन? तोंडावर हात दाबला असता तुझ्या."

"नव्हतास की!" आनंदा एकदम भडकतो. "नव्हतास! गेलास मर्दा मधल्या मधी! कुणाला इचारणार होतो मी? सगळी तालीम माझ्या तोंडाकडं बघत होती. पोरगं गेलं, आता बाप काय करतो बघू, असं सगळ्यांच्या डोळ्यांत. मला लाज वाटली, हिदायत. लाजंनं बोललो."

हिदायत शिवणं थांबवत नाही. "मग आता?"

"आता काय? त्याच्या नावानं ओरडलो तर तालमीशी बेइमान. गप बसलो तर..."

"गप बसलास तर काय?"

"तर पोरगं गेलं."

लाल माती त्याच्या घोट्यापर्यंत आली आहे. तो पाय उपसतो, दुसरा रुततो. हौद्याच्या पलीकडे कपडे वाळत घातलेत, तिकडून उजेड येतोय. तो तिकडे सरकतो. जर्सी आहेत सगळ्या, काळ्या-पिवळ्या, ओळीने टांगलेल्या, हिदायतच्या दुकानात असायच्या तशाच. एक बाजूला सारली की मागे दुसरी. तिच्यामागे तिसरी. ओल्या बाह्या तोंडावर चिकटतात, श्वास कोंडतो. बापाची जर्सी, स्वतःची जर्सी, आता खेळणाऱ्या पोरांच्या जर्सी. घुसमटत, हात मारत, शिव्या देत तो पुढे जात राहतो आणि एकाएकी छातीला काहीतरी आदळतं.

तारेची जाळी. मैदानाच्या कडेची, चौकटी-चौकटीची, गंजलेली. पलीकडे हिरवळ, आणि हिरवळीवर एकटं एक पोरगं पळतंय.

इंद्रजितच. लाल-पांढरी जर्सी घामानं अंगाला चिकटलेली. बॉल घेऊन डाव्या बगलेतून तो कॉर्नरच्या झेंड्यापर्यंत जातो, वळतो, परत येतो, पुन्हा जातो. त्याला अडवायला कुणी नाही आणि बॉल द्यायलाही कुणी नाही. मोजे घसरलेत. गुडघ्याला रक्त आहे. ओठ पांढरे पडलेत, तरी थांबत नाही.

"कवापासनं पळतंय त्ये?" आनंदाचा आवाज चिरकतो.

"सही करून आल्याधरनं." हिदायत त्याच्या शेजारी उभा आहे. हातात आता काहीच नाही, सुई नाही, शर्ट नाही. "शिट्टी वाजंना, त्यानं काय करावं?"

"कुणीतरी थांबवा की त्याला! पाणी द्या! मरंल त्ये!"

"हाक मार. थांबंल."

"तू मार!"

"माझी ऐकू जात न्हाई, आंद्या. मेलेल्याची हाक कोण ऐकतंय?" हिदायत जाळीला कपाळ टेकतो. "माझ्या सलीमनं उभ्या आयुष्यात बॉलला पाय लावला न्हाई. तुझं पोरगं खेळताना मी बघायचो आणि मनात म्हणायचो, ह्या जाळीला तोंड लावून एकदा आपल्या पोराच्या नावानं बोंबलायला मिळालं असतं, तर मी दुकान इकून टाकलं असतं. तुला फुकट मिळालंय, तर तू नारळ फोडतोस व्हय, खुळ्या?"

आनंदा दोन्ही मुठींनी जाळी धरतो. मागे सगळी गल्ली बसली आहे हे त्याला न वळता कळतंय. बाप आहे त्यांच्यात, वस्ताद आहेत. त्यांचे डोळे त्याच्या पाठीत रुतलेत. तोंड उघडतं, पण घशात नारळाचं भकल अडकावं तसं काहीतरी आडवं आलंय. पोरगं पुन्हा झेंड्याकडे निघालंय. अडखळतं. हाताने जमीन धरतं आणि उठतं.

"आई गं," आनंदा म्हणतो. आणि मग आतलं सगळं तोडून त्याच्या छातीतून ते बाहेर येतं:

"इंद्याऽऽ! मार रे माझ्या वाघा! माऽऽर!"

पायऱ्यांवरच्या सगळ्या माना एकदम वळतात.

आणि तो जागा होतो.

तो कॉटवर गुडघ्यांवर उभा आहे, दोन्ही हातांनी खिडकीचे गज आवळून धरलेत, आणि समोर गल्लीतल्या माना खरोखरच वळलेल्या आहेत. काळे-पिवळे शर्ट घालून, झेंडे घेऊन निघालेली माणसं जागच्या जागी थांबलीत. ढोलवाल्याचा हात वरच राहिलाय. पुढं दिनकर वस्ताद.

"आनंदा," वस्ताद विचारतात, "कुणाला हाक मारलीस रे?"

आनंदा बोलायला जातो तर घशातून नुसती हवा येते. आवाज पार बसलाय. तो गजांवरचे हात सोडतो. तळवे गंजानं तांबडे झालेत आणि त्यांवर चौकटी उमटल्यात, एकमेकींना चिकटून, जाळीसारख्या. तो गजांकडे बघतो. गज उभे आहेत, सरळ. दिवाळीत त्याने स्वतःच त्यांना निळा रंग दिलाय.

मागे स्वयंपाकघराच्या दारात इंद्रजित उभा आहे. अंगावर लाल-पांढरी जर्सी, खांद्याला बॅग. गेला सगळा सीझन तो असाच मागच्या बोळातून जातो, पुढच्या दाराने कधीच नाही. त्याच्या मागे शालन, पदर तोंडाला लावलेला.

"आबा," तो म्हणतो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. "मला हाक मारली?"

नाही म्हणून मान हलवणं किती सोपं होतं. वस्ताद खिडकीतून बघतायत, गल्ली ऐकतेय. आनंदा होय म्हणून मान हलवतो. कॉटवरून उतरतो, पोराच्या खांद्यावरची बॅग काढून आपल्या खांद्याला लावतो आणि पुढच्या दाराची कडी काढतो.

गर्दी बाजूला होते. म्हणजे लगेच होत नाही, आधी वस्ताद बाजूला होतात, मग बाकीचे. "शपथ मोडलीस, आनंदा," वस्ताद हळू आवाजात म्हणतात. आनंदा त्यांना हात जोडतो आणि पुढं चालू लागतो. त्याच्याबरोबर त्याचं पोरगं, लाल-पांढऱ्यात, काळ्या-पिवळ्या झेंड्यांच्या मधून. कुणीतरी मागं काहीतरी बोलतं. बोलू दे.

कोपऱ्यावर इंद्रजित थांबतो. खाली बघत विचारतो, "आबा, आज मी तालमीवर गोल मारला तर?"

आनंदा तोंड उघडतो. आवाज अजून बसलेलाच. मग मैदानात पाठवताना खेळाडूच्या पाठीवर मारतात तशी सणसणीत थाप तो पोराच्या पाठीवर मारतो.

पाठोपाठ धावत आलेली शालन म्हणते, "अहो, हे काय! पांढऱ्यावर सगळी गंजाची जाळी उठली की! थांब रे, पुसून देते."

"राहू दे आई," इंद्रजित म्हणतो. "तशीच राहू दे."