कोकिळाला न सापडलेलं नाव

कोकिळा पिंगळीची. रोज सकाळच्या गाडीनं परभणीला यायची, स्टेशनाजवळच्या आमच्या घरी चहा घ्यायची, मग कलेक्टर कचेरीत. बारावीनंतर वडील शिक्षण पुरे म्हणाले होते, पण तिनं टायपिंग शिकून ही नोकरी धरली. साहेबांचं बोलणं संपायच्या आत कागद तयार. म्हणून कचेरीत कॉम्प्युटर आला तेव्हा तो तिच्याच ताब्यात दिला. त्या खोलीत चपला काढून जायचं.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या कस्तुराबाईंचे मालक, सितारामभाऊ, अंथरुणाला खिळले. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. मुलगा आसाराम अमेरिकेत शिकायला. भाऊ एकच विचारायचे, "आसा कवा येतो?" जुन्या पत्त्यावर तार केली, पण त्यानं कॉलेज बदललं होतं. उत्तर आलं नाही.

महिन्यापूर्वी त्याचा फोन आमच्याकडं आला होता. नवी खोली अजून मिळाली नाही, तोवर कॉम्प्युटरचा पत्ता घ्या, कोकिळाताई निरोप पाठवतील, म्हणाला. मी पोथी वाचत होते, तिच्याच मागच्या कोऱ्या पानावर लिहून घेतला. लाइन खरखरत होती. ऐकलं तसं लिहिलं, मराठीत: आसाराम, सायफर, केलम, ईडीयू. मला तेवढंच येतं.

कोकिळा ते पान घेऊन मशीनपुढं बसली. मी आणि कस्तुराबाई मागं उभ्या. इथून दिल्लीच्या मशीनला विचारायचं, म्हणाली. आसाच्या कॉलेजातल्या मशीनचं नाव टाकलं की ते तिचा नंबर सांगतं, नंबर मिळाला की निरोप जातो. तिनं हुकूम टाइप केला, पुढं नाव. काळ्या पडद्यावर हिरवी ओळ उमटली.

"काय म्हणायलंय?" कस्तुराबाईंनी विचारलं.

"असं नावच न्हाई म्हणायलंय." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आपल्यात स एकच, ताई. त्यांच्यात सायफर एसनं बी असंल, सीनं बी. मधात आय का वाय? फ ला एफ का पीएच? केलम केनं का सीनं? एल एक का दोन?"

मी तर स लिहून मोकळी झाले होते.

तिनं कागदावर एकाखाली एक नावं मांडली आणि टाकत गेली. प्रत्येक वेळी तीच ओळ.

"नाव जरा इकडंतिकडं झालं म्हून काय झालं?" कस्तुराबाई म्हणाल्या. "आमी देवाला हाक मारताना कुठं शुद्ध बोलतो? त्याला कळतंच की."

"ह्यो देव न्हाई, मावशी. मशीन हाय. एक अक्षर चुकलं की वळखच देत न्हाई."

तीन दिवस जेवणाची सुट्टी तिनं त्यातच घालवली. डबा तसाच पिंगळीला परत जायचा. मी घरी जप करत बसायचे. जपातही ती अक्षरंच यायची.

चौथ्या दिवशी सकाळी सितारामभाऊ गेले. अग्नी पुतण्यानं दिला.

दुसऱ्या दिवशी कोकिळा नेहमीच्या गाडीनं आली. चहा पुढं ठेवला, तर तिनं पोथीचं ते पान पुन्हा मागितलं.

"केलममधी शेवटी न असंल का, ताई? फोनवर म अन् न सारखंच ऐकू येतंय."

"आता कशाला गं?" मी म्हटलं.

"कळवायचं तर हायच की त्याला," ती म्हणाली, आणि कागदावर खाली नवं नाव लिहायला लागली.