कंट्रोल रूमने नाकारलेला माऊस

"माऊस बदलला साहेब, पण बाण हलत नाय," जनार्दनकाका फोनवर सांगत होते. काका पालघरजवळच्या माहीमचे, तारापूरच्या एका रंगाच्या कारखान्यात ऑपरेटर. पडद्यावर रिॲक्टरचं तापमान चढत होतं आणि थंड पाण्याचं बटण त्याच पडद्यावर होतं. मी पालघरला दुसऱ्या क्लायंटकडे चहा पीत होतो. कप तसाच खाली ठेवला.

कारण त्या कंट्रोल रूमचे कॉम्प्युटर मीच बसवले होते, आणि ही करामतही माझीच. ते लिनक्सवर चालायचे, आणि त्यात माऊस किंवा कीबोर्ड खोचला की यंत्रणा तो आपोआप ओळखते. शिफ्टची मंडळी घरून कीबोर्ड आणून सिनेमे लावायची, म्हणून मॅनेजर वैतागले होते. मी एका फाईलीत फर्मान काढलं: स्वतःहून काही ओळखायचं नाही, अमुक मॉडेलचा एकच माऊस घ्यायचा. मग सगळ्यांसमोर पाच कीबोर्ड एकामागून एक खोचून दाखवले. पडदा ढिम्म. मी जादूगारासारखा वाकून नमस्कार केला, टाळ्याही घेतल्या.

विसरलो एवढंच, की तिथल्या ॲसिडच्या वाफेत माऊस दोन-तीन महिन्यांत गंजतो. म्हणून ऑपरेटर बोईसरच्या बाजारात मिळेल तो माऊस आणून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवतात. काकांनी तोच खोचला होता.

मी काही सांगायच्या आत काकांनी फोन ठेवला, जिने उतरून थंड पाण्याचा व्हॉल्व्ह हाताने उघडला. रिॲक्टर वाचला, पण आतली रंगाची बॅच काळी पडून वाया गेली.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने काकांना विचारलं, इतकी वर्षं काम करून साधा माऊस बदलता येत नाही? काका म्हणाले, बदलला, मशीनने घेतला नाय. मॅनेजर माझ्याकडे वळले. "असं होतं का?"

माझं काँट्रॅक्ट त्याच आठवड्यात रिन्यू व्हायचं होतं.

"माऊसच खराब असेल," मी म्हणालो.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना पॅकिंगला पाठवलं.

आठ दिवसांनी मी फाईलीतल्या त्या दोन ओळी काढल्या आणि मॅनेजरला खरं सांगितलं. ते म्हणाले, काकांच्या बदलीची ऑर्डर हेड ऑफिसची आहे, आता फिरवायची कशी? मग काकांकडे गेलो. ते ड्रमांवर लेबलं लावत होते. सगळं ऐकून घेतलं.

"तेवाच बोलला असतात तर बरा झाला असता," म्हणाले आणि पुढच्या ड्रमाकडे वळले. रिटायर पॅकिंगमधूनच झाले.

हल्ली मशीनवर मी काय काय बंद केलंय, त्याची यादी पहिल्याच दिवशी ऑपरेटरच्या हातात देतो. मॅनेजरला नंतर.