चार बोटांची चुणी

कालव्यावरचा पूल ओलांडला तेव्हा निम्मी वाट झाली होती, आणि अक्का तिसऱ्यांदा थांबली. चपलेत खडा गेलाय म्हणाली. मी वाकून बघितलं, खडाबिडा काही नव्हता.

"बसनं आलो असतो तर एव्हाना पोचलो असतो," मी म्हटलं.

"म्हणूनच बसनं नाही आले."

आम्ही तिच्या धाकट्या भावजयीकडे निघालो होतो. भावजय दुकान सोडून गेली त्याला नऊ दिवस झाले होते. ती परत येईल का, हे मला माहीत नव्हतं. ती दारात तरी घेईल का, हे अक्काला माहीत नव्हतं. आणि ती गेली त्यात माझाही हात होता. म्हणजे खरोखरचे हातच होते.

अक्का माझ्या घराखालच्या दुकानात पडदे शिवते. वीसेक वर्षं झाली. घरोघरी जाऊन खिडक्या मोजायच्या, कापड बेतायचं, शिवायचं आणि स्वतः शिडीवर चढून टांगायचं, सगळं हिचं हीच. दुसऱ्याला काम सांगणं तिला कधी जमलंच नाही. पंखा दुरुस्त करायला आलेल्या माणसाला तिनं स्क्रू कुठल्या बाजूला फिरतो ते सांगितलं होतं. तो म्हणाला, "मावशी, मग तुम्हीच चढा." तर ही खरंच चढली. घरी चहा नवरा करतो, पण साखर घालताना हिच्याकडे बघतो.

दोन वर्षांपूर्वी तिचं उजवं मनगट सुजलं. डॉक्टरांनी बजावलं, निम्मं काम दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या. तेव्हा भावजय आली. चाळिशी ओलांडलेली, चष्म्याची, अंगानं काडी. सगळे तिला चिमणी म्हणतात. बाई कामाला वाघ. सकाळी नवाला हजर, बोलणं कमी, मशीन चालू.

आता चुण्यांचं सांगायला हवं. पडद्याच्या वरच्या काठाला ज्या घड्या घालतात त्या चुण्या. अक्का खिडकी टेपनं मोजते, पण चुणीला टेप लावत नाही. हात कापडावर आडवा ठेवायचा, चार बोटांची एक चुणी, मग चार बोटं मोकळी, मग पुन्हा चुणी. चिमणीलाही तिनं असंच शिकवलं. "चार बोटं, बास. यात काही शास्त्र नाही."

पहिला पडदा चिमणीनं पुरा केला आणि अक्कानं तो आपल्या पडद्याशेजारी टांगून बघितला. एकाच खिडकीची दोन पाखं, पण जुळेनात. चिमणीची चुणी बारीक. अक्का काही बोलली नाही. चिमणी रोज एक वाजता मुलीला शाळेतून आणायला जायची, ती दोनला परत यायची. ती गेल्यावर अक्कानं तो पडदा उसवला आणि चुण्या पुन्हा घातल्या. दुसऱ्या दिवशी दुसरा.

दुपारी तिच्या दुकानात बसून जप करायची माझी जुनी सवय. एकदा अक्का म्हणाली, "नुसती बसलीयेस तर एवढे टाके काढ गं, माझं मनगट ठणकतंय." टाके उसवायचं छोटं पातं तिनं माझ्या हातात दिलं. मग ते रोजचंच झालं. तोंडात देवाचं नाव आणि बोटांत दुसरीच्या कष्टाचे टाके. दोन वर्षं. देवाला हे दिसत असणार हे मला तेव्हाही कळत होतं, पण आपण मैत्रिणीला मदत करतोय असं मनाशी म्हटलं की झालं.

"तिला सांगत का नाहीस?" मी एकदा विचारलं होतं.

"पोरीचं मन कशाला दुखवायचं?"

मलाही ते पटलं. सांगायला तोंड उघडावं लागतं, उसवायला पातं पुरतं.

त्या दिवशी शेजारीण परस्पर मुलीला घरी घेऊन गेली, म्हणून चिमणी वाटेतूनच परतली. दारात उभी राहिली. तिनं सकाळी पुरा केलेला निळा पडदा आम्हा दोघींच्या मांडीवर पसरलेला होता, आणि माझ्या पदरावर दोऱ्यांचे तुकडे.

"ताई, हा झाला होता ना?"

"अगं, एवढ्या एकाचं जरा कमीजास्त..." अक्का म्हणाली.

चिमणीनं माझ्याकडे बघितलं. "मावशी, तुम्ही सांगा. एवढा एकच?"

खोटं बोलायचं नाही हे मी लहानपणापासून पाळत आलेय. त्या दिवशी खरंही बोलले नाही. मान खाली घातली. तिला उत्तर मिळालं.

"मग इतके दिवस मी इथं काय करत होते?" एवढंच म्हणाली. चष्म्याची डबी उचलली आणि गेली.

पुलापुढे रस्ता सरळ आहे, दोन्हीकडे गोदामं. तिथं सावलीत अक्का चालता चालता म्हणाली, "एक सांगू? तिचं चुकलं की मला बरं वाटायचं."

मी पावलं हळू केली.

"उसवताना वाटायचं, बघा, माझ्याशिवाय होत नाही. मन दुखवायचं नाही हे वरवरचं. ती शिकली असती तर मी कोण, नुसती शिडी धरणारी?" तिनं सुजलेलं मनगट दुसऱ्या हातानं दाबलं. "तिच्या आयुष्यातली दोन वर्षं मी दुपारी एक ते दोनमधे पुसून टाकली गं."

समजूत घालावी असं वाटलं. पण समजूत घालणारी मी कोण. अर्धे टाके माझेच.

चिमणीचं घर दुसऱ्या मजल्यावर. तिनं दार उघडलं, आम्हाला बघितलं, आणि बाजूला झाली. या म्हणाली नाही, जा पण म्हणाली नाही. पाण्याचे पेले पुढे ठेवले आणि समोर बसली.

अक्का वाटेत घोकलेलं सगळं विसरली. ती खिडकीकडेच बघत राहिली. स्वयंपाकघराच्या खिडकीला चिमणीनं स्वतः शिवलेला पिवळा पडदा होता. अक्का उठली आणि जवळ गेली. चुण्या बारीक, पण सगळ्या सारख्या, एकही इकडची तिकडे नाही. तिनं त्यावर आपला हात आडवा ठेवला. चुणी बोटांच्या आत राहिली.

"हात इकडे आण," ती म्हणाली.

चिमणी आली. अक्कानं तिचा तळवा आपल्या तळव्याला लावला. अक्काची बोटं जाड, सांधे फुगलेले. चिमणीची चार बोटं तिच्या जेमतेम तिनांइतकी भरली.

"चार बोटंच घालत होतीस तू."

"तुम्ही चार सांगितली, मी चार घातली. कमी पडतं म्हणाला असतात तर पाच घातली असती."

"हो."

"एका शब्दाचं काम होतं, ताई."

"हो गं." अक्काचे डोळे भरले. "चुकले मी. एकदा नाही, रोज चुकले."

मीही म्हटलं, "मीसुद्धा." चिमणी माझ्याकडे वळली. "तुमच्याकडून नव्हतं वाटलं, मावशी," ती म्हणाली. ते वाक्य अजून माझ्याजवळ आहे.

मग ती आत जाऊन पुठ्ठा आणि पेन्सिल घेऊन आली. अक्काचा हात त्यावर आडवा ठेवून तिनं दोन रेघा मारल्या आणि तेवढी पट्टी कापली. "आता तुमची बोटं माझ्याकडे आहेत," ती म्हणाली, हसली नाही. "सोमवारी येते. पण एक अट. दहा ते बारा तुम्ही दुकानात थांबायचं नाही. समोर बसता, बोलत नाही, नुसत्या बघता. हात अडखळतो माझा."

"मोजमाप घ्यायला कुणी आलं तर?"

"मला टेप वाचता येते."

अक्कानं तोंड उघडलं आणि मिटलं. मी तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तसं करताना बघितलं.

परततानाही ती चालतच निघाली, पण या वेळी खडे आले नाहीत. पुलावर मात्र कठड्याला टेकली आणि म्हणाली, "पडद्यांची घडी ती घालेल का नीट? अस्तर आत ठेवून घालायची असते."

"अक्का."

"बरं, बरं." थोड्या वेळानं तिनं पिशवीत हात घातला आणि ते उसवायचं पातं काढून माझ्या तळहातावर ठेवलं. लाकडी मूठ आमच्या दोघींच्या हातांनी काळी पडलेली.

"सोमवारपासून दहाला खाली ये आणि मला चालायला ने. इथपर्यंत. गॅस चालू राहिला म्हणेन, चष्मा विसरला म्हणेन, मागे फिरू देऊ नकोस. आणि हे तुझ्याकडेच ठेव. मी मागितलं तरी द्यायचं नाही." मग माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "आणि तूही वापरू नकोस."