सुगंधाने घेतलेलं सायकलचं माप

"शरीर ॲडजस्ट होतं, ताई. आणखी दहा राइड करा, मग बोला."

"वीस वर्षं ब्लाऊज शिवतेय मी, कॅप्टन. कापड अंगाला बसवतात. अंग कापडाला बसवायला निघालेले तुम्ही पहिलेच."

"सायकल म्हणजे ब्लाऊज नव्हे."

"नव्हेच. ब्लाऊज चुकला तर बाई आणून तोंडावर फेकते. तुमच्याकडे चूक नेहमी गिऱ्हाइकाच्या अंगाची."

निकेतने लाल सायकलच्या सीटवर थाप मारली, जशी काही जातिवंत घोडी विकायला काढली होती. मीरा रोडच्या त्याच्या दुकानात अर्धा तास हे चाललं होतं. काउंटरमागे त्याची बायको रसिका हेल्मेटांवर किमतीच्या चिठ्ठ्या चिकटवत होती. एकच हेल्मेट तिच्या हातात बराच वेळ होतं.

सुगंधा कोकणातल्या लांज्याकडची. लग्न होऊन नवघरला आली आणि तळमजल्यावरच्या खोलीत मशीन टाकून बसली. नवरा लवू काशीगावातल्या वर्कशॉपमध्ये सायकलने जायचा. कंपनीने बस दिली तशी ती काळी सायकल जिन्याखाली गंजायला लागली, म्हणून हिने उचलली आणि हँडलला पिशवी अडकवून ब्लाऊज पोचवायला सुरुवात केली. पंचेचाळिसाव्या वर्षी एका पहाटे सहज घोडबंदरच्या किल्ल्यापर्यंत जाऊन आली आणि घरी येऊन म्हणाली, "मी देवदिवाळीला गावच्या जत्रेला सायकलने जाणार." लवूने पेपरातून मान वर न काढता विचारलं होतं की एसट्या बंद पडल्या काय.

पण एकटीने एवढ्या लांब कसं जाणार? म्हणून ती निकेतच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपमध्ये शिरली. देवदिवाळीच्या आठवड्यातच ग्रुपची कोकण राइड होती, मागून सामानाचा टेम्पो. सोय उत्तम. माणसं बघून मात्र सुगंधाच्या कपाळावर पहिल्याच रविवारी आठी पडली. पोटावर ताणलेल्या चकचकीत जर्सी, एकाचीही खांद्याची शिवण खांद्यावर नाही. किल्ल्यापर्यंत जायला जेवढा वेळ, त्याच्या दुप्पट फोटोंना. पाठ दुखली की अभिमान, मान अवघडली की पराक्रम. आणि सगळ्यांच्या पुढे कॅप्टन निकेत. दर थांब्यावर डावा हात पाणी झटकावं तसा झटकायचा, बाटली दुसऱ्याकडे उघडायला द्यायचा. तीही ऐट असेल, असं सुगंधाला वाटलं होतं.

ही लाल सायकल त्याने तिला तीन रविवार चालवायला दिली होती. दुकानाच्या भिंतीवरच्या तक्त्यात तिची उंची ज्या आकड्यासमोर बसत होती त्याहून ती दोन नंबर मोठी. पण सीट खाली आणि पुढे घेतली की झालं, असं कॅप्टनचं म्हणणं. झालं ते असं की हँडल गाठायला सुगंधाला सायकलवर जवळजवळ आडवं पडावं लागे आणि सगळा भार तळहातांवर येई. पहिल्या सोमवारी करंगळीला मुंग्या आल्या. दुसऱ्या सोमवारी हूक लावताना शेजारचं बोटही बधिर. तिसऱ्या सोमवारी नवरीच्या ब्लाऊजला हातशिलाई करताना मोतिया रेशमावर लाल ठिपका दिसला, आणि कुठून आला म्हणून तिने बघितलं तर सुई करंगळीत रुतलेली. तिला कळलंच नव्हतं.

त्या रात्री तिने मशीन झाकून ठेवलं. हात गेला तर सुगंधाकडे दुसरं काही नव्हतं.

म्हणून आज ती टेप घेऊन आली होती.

"ही तर तुमच्या तक्त्यालाही मोठी. आणि तक्त्यातही फक्त उंची," ती म्हणाली. "माझी गिऱ्हाईक नीलम आणि मी डोक्याला डोकं लागेल एवढ्या सारख्या. तिचं धड लांब, माझे पाय लांब. माझा ब्लाऊज तिला घातला तर श्वास घेता येणार नाही. उंचीवरून कोण मापं घेतं?"

तिने लाल सायकलच्या सीटच्या टोकाला कोपर टेकवलं आणि हात हँडलकडे ताणला. बोटांची टोकं आणि हँडल यांत वीतभर जागा उरली. मग ती कोपऱ्यात गेली. तिथे रिकाम्या खोक्यांखाली एक हिरवी सायकल होती. आखूड फ्रेम, जाड टायर, मागे सामानाचं कॅरियर. खोकी तिने स्वतः उतरवली. कोपर टेकवलं. चार बोटं जागा. सीटवर बसून टाच पायडलला लावली, गुडघा सरळ झाला. हँडल धरलं तर कोपरं सैल राहिली आणि पाठ ओरडली नाही.

"ही."

निकेत हसला. ती सायकल पोरासोरांची, भाजी आणायची, असं त्याने ऐकवलं. ग्रुपच्या फोटोत ती कशी दिसेल याचा विचार करा, असंही सांगितलं. एवढ्यावर ती हलत नाही म्हटल्यावर त्याने खालच्या आवाजात शेवटचं काढलं. "असली सायकल घेऊन कोकण राइडला येऊ नका. टेम्पो स्लो लोकांसाठी थांबत नाही. आणि दुखतं ते सगळ्यांनाच. रायडर रडत नाही."

सुगंधाने त्याच्याकडे आपादमस्तक बघितलं. नवं गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की आधी बघायची, तसंच. डावा हात आताही मांडीवर घासला जात होता.

ओढणीला टोचलेली सुई तिने काढली.

"डावा हात पुढे करा. अंगठा आणि करंगळीत ही धरा, नजर माझ्याकडे. मी पाच म्हणेपर्यंत. धरलीत तर लाल घेते, आत्ता."

असला पोरखेळ कॅप्टन कशाला सोडतो? त्याने सुई घेतली, छाती काढली आणि तिच्या डोळ्यांत बघत राहिला. तिने सावकाश मोजायला घेतलं. तिनावर फरशीवर बारीकसा आवाज झाला. सुगंधाने ऐकला, रसिकाने ऐकला. निकेत मात्र बोटं जुळवून, हनुवटी वर करून तसाच उभा.

"पाच," सुगंधा म्हणाली. "बघा आता."

त्याने बघितलं. दोन बोटांत काहीही नव्हतं.

एवढ्यावर जिंकल्यासारखं हसायला सुगंधाला काही हरकत नव्हती, आणि मनातून ती हसलीही. हा माणूस तिला दहा राइड करायला सांगत होता. पण तिने वाकून आधी सुई शोधली, कारण सुई जमिनीवर टाकून जायची तिला सवय नव्हती. ओढणीला परत टोचली आणि हिरव्या सायकलचं हँडल धरून काउंटरकडे वळली. टेम्पो नाही तर नाही. कॅरियर होतंच की.

"बिल करता?" तिने विचारलं.

रसिकाने बिलाचं पुस्तक ओढलं, पण उघडलं नाही. ती नवऱ्याच्या हाताकडे बघत होती.

"परवा तुझ्या हातून आमटीची वाटी पडली," ती म्हणाली, "तेव्हा माझ्यावरच ओरडलास, वाटी तेलकट म्हणून. किती महिने झाले, निकेत?"

निकेतने डावा हात जर्सीच्या मागच्या खिशात घालायचा प्रयत्न केला. खिसा सापडला नाही. मग तो आपल्याच दुकानाच्या पायऱ्या उतरून बाहेर निघून गेला.