हसनचाचांचा चित्रकार

हसनचाचा गेल्याचं फोरमनने सांगितलं, तेव्हा मी इथे आखातात, अहमदीतल्या एका तेलाच्या टाकीवर शिडीच्या मध्यावर होतो. मी मान हलवली आणि पुन्हा रंगवायलाच लागलो... असं का केलं, ते दीड महिना झाला तरी कळत नाही. संध्याकाळी इथल्याच कब्रस्तानात माती दिली, घरी तार केली. मग राजापूरहून त्यांच्या मुलीचं, झुलेखाचं मला पत्र आलं. ‘चाचा, तार मिळाली. अम्मी कोणाशी बोलत नाही. अब्बांच्या पत्रातली गोष्ट अर्धीच राहिली. तो चित्रकार शेवटी घरी पोचला का? तुम्हांला ठाऊक असेल.’ बारा वर्षांच्या पोरीला उत्तर द्यायचं, तर मला धड काही ठाऊक नाही.

चाचा टाक्यांवर नंबर आणि अक्षरं काढत. मायदेशी परत जाताना एका साहेबाची मडम त्यांना चित्रांचं एक जाड पुस्तक देऊन गेली. चारशे वर्षांपूर्वीच्या एका इटालियन चित्रकाराचं. मोडक्या हिंदीत तिने त्याची थोडी हकीकतही सांगितली होती. चाचांना इंग्रजी येत नव्हतं, पण खोलीत मानेला तेल चोळता चोळता ते पानं उलटत. “चार वर्षं ह्यानं गिरजाघराचा छत रंगवलान, मान वर करून. रंग डोळ्यांत गळायचा. आपला धंदाच मानेचा, बाबा!” हीच गोष्ट ते थोडी थोडी घरी लिहीत. त्यांचा चित्रकार दूरदेशी राबणारा, आणि त्याची लेक गावात वाट बघणारी.

मी चौथीतून शाळा सोडलेला. नोकरी जाईल ही धास्ती मला रोजचीच. एकदा पत्र्याचा साचा उलटा धरून मी सहाच्या जागी नऊ रंगवला, तोही दोन पुरुष उंच. खालून साहेब ओरडला. चाचा पुढे झाले आणि म्हणाले, “साब, मेरे हाथ से हुआ.” आठवडाभर त्यांना गंज खरवडायला बसवलं. मी रडवेला झालो, तर म्हणाले, “घाबरतोस कशाला? त्या चित्रकाराच्या हाताखालच्या माणसानं छतावरचा अख्खा आभाळ बिघडवलान होता. चित्रकारानं चूक आपल्या अंगावर घेतलान. पुस्तकात आहे.” ह्या एका वाक्यावर मी इथे टिकलो. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

झुलेखाला नीट उत्तर द्यावं म्हणून ते पुस्तक मी ड्रॉइंग ऑफिसातल्या सावंतांकडे नेलं. त्यांनी दोन संध्याकाळी वाचून सांगितलं. “अरे, हा तर महातापट माणूस! हाताखालच्यांना ह्याने हाकलून दिलं.”

“आणि मुलगी?”

“कसली मुलगी? लग्नच नाही केलं!”

मग चूक अंगावर घेणारा कोण होता? मडमने चुकीचं सांगितलं, की चाचांनी माझ्या भीतीच्या मापाने तो माणूस शिवला? ज्याच्या आधारावर मी उभा राहिलो, तो कधी झालाच नाही का... शेवटच्या पानावर सावंत थांबले. म्हातारपणी तो चित्रकार परक्या शहरात वारला. पुतण्याने त्याचं प्रेत मालाच्या गठ्ठ्यात दडवून गावी नेलं, असं तिथे होतं. चाचांना न्यायला कोणी नव्हतं. मीच होतो, आणि मी शिडीवर रंगवत राहिलो.

जुम्म्याच्या सुट्टीला चाचांच्या रिकाम्या खाटेवर बसून उत्तर लिहिलं. ‘झुलेखाबेटी, चित्रकार घरी पोचला. त्याच्या पुतण्याने त्याला नेलं.’ कसं नेलं, ते लिहिलं नाही. हे खरं की खोटं, मला सांगता येणार नाही. त्याला मुलगी नव्हती, हेही एकदा लिहायला घेतलं होतं. पण लिहिणार कसं? त्याच्या लेकीचं पत्र माझ्यासमोरच होतं.